ब्रेकबाई एकटी घाटात

घसा बसला हे निमित्त झालं. "चार दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही," असं डॉक्टरांनी ब्रेकबाईला बजावलं, तेव्हा शेजारी बसलेल्या नवऱ्याने इतका गंभीर चेहरा केला की तो हसू दाबतोय हे कुणालाही कळावं.

ब्रेकबाई हे नाव शिकाऊ मंडळींनी ठेवलेलं. गेली तेवीस वर्षं ती लोकांना गाडी शिकवत होती. चालकाच्या शेजारच्या सीटपुढे तिच्यासाठी वेगळा ब्रेक बसवलेला, आणि तिचा पाय कायम त्यावर. तोंडही पायाइतकंच तयार. "क्लच! क्लच! अहो काका, क्लच म्हणते मी, हॉर्न नाही!"

घरात राहून गप्प बसणं तिला या जन्मात जमलं नसतं. म्हणून तिने ठरवलं, गाडी काढायची आणि एकटीनेच धबधब्यांच्या डोंगरात जायचं. बोलायला कुणी नकोच. "मी येऊ?" असं नवऱ्याने विचारलं, तर तिने जोरात मान हलवली. तो चालवणार म्हणजे वाटभर हिचा पाय ब्रेक दाबत राहणार, त्यात कसली आलीय विश्रांती!

निघताना मात्र फजिती झाली. सवयीने ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली, पट्टा लावला, आरसा नीट केला आणि स्वस्थ वाट बघत राहिली. "ड्रायव्हर कधी येणार गं?" नवरा खिडकीतून ओरडला, तेव्हा कुठे ती उतरून पलीकडे गेली.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. रस्ता नदीच्या कडेने चढत होता आणि वळणावळणावर पाणी होतं, कुठे दोरीएवढी धार, तर कुठे सबंध कडाच पांढरा. एके ठिकाणी तुषार थेट काचेवर आले आणि तिने भर उन्हात वायपर लावले. वाटेल तिथे थांबली, पुलाच्या कठड्यावर बसून पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. लॉजच्या खोलीची खिडकी उघडली तर पाण्याचा आवाज आत भरून राहिला. त्या आवाजात ती दुपारी तीन तास गाढ झोपली. आसपास कुणीही काहीही चुकत नाहीये, हे सुख तिला आजवर ठाऊकच नव्हतं.

सगळ्यांत मोठा धबधबा वरच्या अंगाला होता आणि तिथे जायला एकोणीस वळणांचा घाट. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायथ्याशी पोचली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, वर धुकं. आजवर घाटात गेली तेव्हा शेजारी नेहमी कुणी ना कुणी असायचं. पहिल्या वळणापर्यंत जाऊन तिने गाडी मागे घेतली आणि चहाच्या टपरीसमोर उभी केली. शेकडो लोकांना "घाबरायचं नाही" म्हणून दटावणारी बाई! आता मागे फिरली, तर तेच वाक्य पुन्हा कुठल्या तोंडाने म्हणणार?

तरी तिने घरी फोन लावलाच. सासूबाईंनी उचलला.

या सासूबाईंमुळेच ती गाडी चालवायला लागली होती. लग्नानंतर परवाना मिळाला, पण सरावाला तिच्या शेजारी बसायला घरात कुणी तयार होईना, नवरासुद्धा नाही. तेव्हा सासूबाई चपला घालून गाडीत येऊन बसल्या. त्यांना स्वतःला सायकलही येत नव्हती. पहिल्याच फेरीत त्यांचा डोळा लागला, आणि मग रोजच लागायला लागला. आपल्या भरवशावर एक माणूस झोपतंय म्हणजे आपल्याला येत असणार, असं सुनेला वाटलं आणि हळूहळू खरंच यायला लागलं.

"आई, मी परत येतेय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "घाट बघून हातपाय गळाले. तुमच्यासारखं कुणीतरी शेजारी डुलक्या घेत बसायला हवं होतं."

सासूबाई हसायलाच लागल्या. "अगं, कसल्या डुलक्या? डोळे गच्च मिटून बसायचे मी! पहिल्याच दिवशी तू त्या दूधवाल्याच्या अंगावर गाडी घालत होतीस, तेव्हापासून उघडलेच नाहीत."

"म्हणजे तुम्ही जाग्या होतात?"

"टक्क! जीव मुठीत धरून बसायचे."

"मग रोज यायचात कशाला?"

"मी उतरले असते, तर तूही उतरली असतीस ना."

ब्रेकबाईने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. तेवीस वर्षं तीही दुसऱ्यांच्या शेजारी बसली होती, पण पायाखाली ब्रेक घेऊन. ही बाई नुसती बसली होती, रोज, महिनोन्‌महिने. तिचे आभार मानायला हवेत हे इतक्या वर्षांत सुचलंही नव्हतं, आणि आता मानायला जावं तर रडू येत होतं.

तिने डोळे पुसले आणि किल्ली फिरवली.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "आपण दोघी जातोय वर."

"जा बाई," सासूबाई म्हणाल्या. "मी डोळे मिटते."