बारा घरांची वही

भाजी निवडायला चौघी बसल्या की त्या वहीचा विषय निघतोच, आणि एक आठवण सांगितली की मागच्या तीन धावत येतात. आज त्या सगळ्याच सांगून टाकते.

अमरावतीच्या आमच्या गल्लीत बारा घरांत एक वही फिरायची. वर कुणीतरी प्रश्न लिहायचा, खाली प्रत्येकीनं मत लिहून वही शेजारी द्यायची. नाव घालायची सक्ती नव्हती, त्यामुळे लेखण्या फार धीट!

*

एकदा प्रश्न आला, सून कशी हवी? सहा जणींनी लिहिलं, गोरी. मी अकोल्याची लेक, रंगानं सावळी. जपाची माळ ठेवून लिहिलं, "रोज ज्याला लोणी दाखवता त्या बाळकृष्णाचा रंग एकदा बघून घ्या."

उरलेल्या पाच घरांनी रंगाचं नावच काढलं नाही.

*

वही आमच्याकडे असताना एकदा पानावर दिसलं, "बायकांच्या मताला काय किंमत?" अक्षर आमच्या ह्यांचं! मी खाली लिहिलं, "लिहिणाऱ्यानं आज आपलं ताट आपण उचलावं, मग किंमत सांगू."

दुपारी ताट मोरीत दिसलं. घासलेलंसुद्धा!

*

मग चांदूर रेल्वेहून बदली होऊन यशोदाबाई मास्तरीण आल्या. छप्पन साली त्यांच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतलेला. वही त्यांचं दार टाळू लागली. मी लिहिलं, "यापुढे वही आधी त्यांच्याकडे जाईल, मग आपल्याकडे. ज्यांना चालत नाही त्यांनी सही करावी." लिहिताना मनात आलंच, गल्लीनं मलाच वाळीत टाकलं तर?

सही एकच आली, गल्लीतल्या थोरल्या कमळाकाकूंची. त्यांनी वही घेणं बंद केलं.

*

माझं सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. यशोदाबाईंना सवाष्ण म्हणून बोलवायला गेले. त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी, पूजेला बसणार नाही. आम्ही तशी प्रतिज्ञा घेतलीय. जेवायला मात्र नक्की येईन."

मी आयुष्यभर नेम पाळणारी. दुसरीचा नेम मला कळू नये? त्या पहिल्या पंगतीला जेवल्या. देवाकडे मागायचं विसरूनच गेले त्या दिवशी.

*

पुढचा प्रश्न होता, लग्न झालेलीनं नोकरी करावी का? यशोदाबाईंनी दोन पानं लिहिली. गल्लीत दुसरा विषयच नाही, आणि काकूंकडे वहीच नाही!

चौथ्या दिवशी वही फिरून यशोदाबाईंकडे परत आली. मी तिथंच बसले होते, तर दारात काकू. आत आल्या, सतरंजीवर बसल्या, वही ओढली. डोळे बारीक केले, पान लांब धरलं, जवळ धरलं. मग यशोदाबाईंपुढे हात केला.

"चष्मा दे वं तुया. मले उत्तर लिहायचं हाये."