जवसाची बाटली

विनेश धक्क्यावर बर्फ वाहायचा. दिवेआगरच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी जो कोळीवाडा आहे, तिथल्या बोटींना निघण्याआधी बर्फाच्या लाद्या पोचवणं हे त्याचं काम. बाप समुद्रात गेला तेव्हापासून आईने त्याला बोटीवर पाय ठेवू दिला नव्हता, म्हणून समुद्राच्या इतक्या जवळ राहून तो कायम कोरडाच राहिला. लादी खांद्यावर घेऊन घेऊन खांदे रुंद झाले. ते बघून बोर्लीच्या बाजारात व्यायामशाळा चालवणाऱ्या वासिफने त्याला एकदा हटकलं, "अरे, हे खांदे बर्फ वाहण्यात फुकट घालवतोस?" झालं. त्या दिवसापासून विनेशला आरशाचं वेड लागलं.

कोळ्याचा पोर बॉडी कमावतो यात नवल काहीच नाही. नवल हे, की तो मासळी खायचा नाही. सकाळी अंडी, दुपारी चणे आणि सोयाबीन, संध्याकाळी कोंबडी. धक्क्यावरची माणसं त्याला "सोयाबीनशेठ" म्हणायची. तो हसायचा. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट ती नव्हती, पण दर वेळी कुणाला सांगत बसणार?

गोष्ट त्याच्या आईची, केसरची होती. तीन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच खेपेला विनेशचा बाप सदा ज्या बोटीवर होता ती उलटली. चौघे वाचले, सदा मिळाला नाही. जिवंत नाही आणि मेलेलाही नाही. आठ दिवस केसर किनाऱ्यावर बसून होती. नवव्या दिवशी उठली, एकवीरेसमोर दिवा लावला आणि बोलली, "आई, जवर तो घरी येत न्हाय, जिता येवो न्हायतर त्याचा हाडूक येवो, तवर या घरान कोनाच्या तोंडी मासळी लागनार न्हाय." पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. केसरने ते केलं. आणि करून पुन्हा बाजारात सुकट विकायला बसली, कारण विकणं वेगळं आणि खाणं वेगळं. गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, बोंबील चवीला कसे?" ती म्हणायची, "माज्या जिबंला इचारू नको, तुज्या डोल्यांनी बघ."

जात-भावकीने वर्षभर वाट पाहिली. मग सांगू लागले, की सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून जाळायची रीत आहे, ते उरकून घे, जीव मोकळा होईल. केसर ऐकून घ्यायची आणि हातातल्या हिरव्या बांगड्या पदराखाली झाकायची. पुतळा जाळला की सदा मेला. नवस चालू आहे तोवर तो वाटेत आहे. तिचा सगळा हिशोब एवढाच होता, आणि त्या एवढ्याशा हिशोबावर ती पहाटे उठत होती, डोक्यावर पाटी घेत होती, रात्री झोपत होती. विनेशला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर पुढे जे झालं त्याला क्षमा नाही.

जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचं ठरलं तसं वासिफने खाण्यापिण्याचा तक्ता करून दिला. वासिफ कुवेतला नऊ वर्षं एका मोठ्या जिममध्ये होता, शिस्तीचा आणि मनाने चांगला माणूस. तक्त्यात सांध्यांसाठी ओमेगाच्या, म्हणजे माशाच्या तेलाच्या गोळ्या होत्या. विनेश म्हणाला, "वासिफभाय, मासळीवालं चालनार न्हाय." वासिफला कारण माहीत होतं. त्याने स्वतः जवसाच्या तेलाच्या गोळ्यांची बाटली मागवून दिली. पिवळ्या, पारदर्शक, टपोऱ्या गोळ्या. विनेश वर्षभर त्या घेत राहिला. आईचे गुडघे उकिडवं बसून बसून धरायचे, म्हणून तिलाही म्हणाला, "घेत जा दोन. झाडपाल्याचंच हाय." तिने महिनाभर घेतल्या आणि सोडल्या. म्हणाली, "मेला कायच फरक न्हाय."

फरक विनेशलाही वाटत नव्हता. सांधे रात्रभर ठणकायचे. पौषात त्याने वासिफला विचारलं, आणि वासिफने खरं ते सांगितलं. "बघ, जवसात जो ओमेगा आहे तो कच्चा माल. शरीराने तो बदलून घ्यायचा, आणि शरीर आळशी. शंभरातले पाच-दहा भाग बदलतं म्हणतात, बाकी वाया. माशाच्या तेलात तो तयारच असतो. पोटात गेला की कामाला लागला."

"झाडपाल्यात तसा तयार मिलतच न्हाय?"

"मिळतो ना. समुद्रातल्या शेवाळाचा. मासेसुद्धा तेच शेवाळ खाऊन तेलकट होतात. पण बाटली तिप्पट किमतीची, आणि मुंबईहून मागवावी लागेल. आणि खुदाची कसम, गोळीने कुणी बॉडीबिल्डर होत नाही. झोप नीट घे, तेवढंच पुरे."

विनेशने शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं ऐकलं. ज्याला मेडल हवं असतं तो झोपेवर कुठे विश्वास ठेवतो! शेवाळाची बाटली मागवायला हवी होती. तिप्पट तर तिप्पट, दोन महिने कोंबडी कमी खाल्ली असती. ही गोष्ट तो पुढे आयुष्यभर घोकणार होता. पण संक्रांतीच्या दिवशी त्याने माशाच्या तेलाच्या गोळ्या घेतल्या, घरी येऊन जवसाची रिकामी बाटली धुतली, पुसली आणि त्या गोळ्या तिच्यात ओतल्या. रंग तोच, आकार तोच. झाकली मूठ सव्वा लाखाची. मनात म्हणाला, नवस आईने बोलला, मी नाही. आणि गोळी म्हणजे काही मासळी नव्हे.

त्या गोळ्यांनी ढेकर येतो, त्याला मासळीचा वास येतो, हे वासिफने बजावलं होतं. पहिले चार दिवस विनेश तोंड दाबून फिरला. मग त्याच्या लक्षात आलं, की अंगणात जवळा वाळतोय, पडवीत बोंबील सुकवायच्या वलांडी, आईच्या पदराला, उशीला, कपाटालासुद्धा सुकटीचा वास. त्या घरात ढेकराचा वास कुणाच्या नाकाला लागणार? दुसऱ्या कुठल्याही घरात ही चोरी दोन दिवसांत पकडली गेली असती. कोळ्याच्या घरात ती पचली.

शिमग्याच्या सुमाराला एक दिवस केसर ओटीच्या पायऱ्या धडाधडा चढून आली आणि म्हणाली, "विनू, ही तुजी जवसाची गोली आता लागू परली रे. मी पुन्ना चालू केली. दीड म्हयना झाला. गुडगा बघ, कसा वलतो."

विनेशने फळीवरच्या बाटलीकडे पाहिलं. आई समोर उभी राहून गुडघा वाकवून दाखवत होती, लहान पोरीसारखी हसत होती. तीन वर्षांत त्याने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. सांगायचं होतं तर तेव्हाच. ठरवलं, उद्या बोर्लीहून जवसाच्या गोळ्या आणायच्या आणि गुपचूप बदलायच्या. उद्या दुकान बंद होतं. परवा बर्फाची गाडी उशिरा आली. तेरवा त्याने आईला पाटी घेऊन सरळ पाठीने चालताना पाहिलं आणि मनाशी म्हणाला, गुण येतोय ना, मग बिघडलं काय? असा एकेक दिवस करत तो गप्प राहिला. भित्रा माणूस खोटं बोलत नाही, फक्त उद्यावर ढकलतो.

त्याच शिमग्यात हर्णैकडच्या एका बोटीच्या जाळ्यात माणसाचं हाड आलं. मांडीचं. पोलिसांनी बेपत्ता माणसांच्या घरी निरोप धाडले, विनेश जाऊन रक्त देऊन आला. केसरने अंगण सारवलं. पेटीतून सदाचं लग्नातलं धोतर काढून उन्हात घातलं. "आला," ती म्हणायची, "आईनी ऐकला." महिन्याभराने कागद आला. जुळत नाही. ते हाड दुसऱ्याच कुणाचं तरी. केसरने धोतर घडी करून परत पेटीत ठेवलं आणि म्हणाली, "न्हाय तर न्हाय. अजून वाटंत आसंल."

मे महिन्यात अलिबागला स्पर्धा झाली. अंगाला तेल-रंग चोपडून विनेश दिव्यांखाली उभा राहिला, सगळ्या पोझ दिल्या, आणि पाचवा आला. मेडलं पहिल्या तिघांना. वासिफने पाठीवर हात ठेवला, "पुढच्या वर्षी." विनेशला वाटलं, चला, संपलं. आता ती बाटली खाडीत फेकायची आणि आईला शेवाळाची आणून द्यायची. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो घरी पोचला.

घरात शिरताच वास आला. अंगणातल्या जवळ्याचा नव्हे. जळणारा, जड, घशात बसणारा.

केसर देवीपुढे मांडी घालून बसली होती. दिवा लागलेला होता, पण ज्योत तडतडत होती, काजळी धरत होती. बाजूला तिळाच्या तेलाची बाटली आडवी पडलेली, मांजराने लाथाडलेली, आणि फरशीवर तेलाचा ओघळ. तीन वर्षं तो दिवा एक संध्याकाळ चुकला नव्हता. रांधायच्या तेलात विनेशच्या अंड्याचा चमचा बुडायचा, ते तिला चालणारं नव्हतं. शेजाऱ्यांकडे मागावं तर त्यांच्या कढईत मासळी. घरात निर्मळ तेल एकच उरलं होतं, जवसाचं. केसरने सुईने पंधरा-वीस गोळ्या फोडून दिव्यात पिळल्या होत्या. फुटक्या गोळ्यांची सालं तिच्या पुढ्यात पडली होती.

तिने मागे वळून पाहिलं नाही. "विनू, माजा बापूस मुशी मासलीची कालजा कढवून तेल करायचा, होडीला लावाया. मी ल्हान होते, चुलीपुढं बसायचे. तो वास मी मरस्तवर इसरायची न्हाय." मग म्हणाली, "जवस जलला का आसाच वास येतो का रे?"

हो म्हणाला असता तर कदाचित तिने मानलं असतं. तिला मानायचंच होतं, आवाजात तेवढी विनवणी होती. विनेशला तेही जमलं नाही.

"न्हाय, आये. मासलीचा तेल हाय."

"कंदीपासना?"

"सकरातीपासना."

केसर बोटांवर मोजू लागली. माघ, फाल्गुन. फाल्गुनावर बोट थांबलं.

"म्हंजे शिमग्याच्या टायमाला मी खाल्ली हुती."

"आये, ती नुसती गोली..."

"तो हाडूक त्याचाच हुता, विनू. तो घरी निगाला हुता. मी हिकरं मासली खाऊन बसले, म्हनून दारातना परत गेला."

विनेशने तिच्या पायावर डोकं ठेवलं. सांगितलं, की तपासणी खोटी नसते, ते हाड परक्याचंच होतं, चूक माझी आहे, नवस मोडला तो मी, तू नाही. केसर सगळं ऐकत होती. ती रडली असती, मारलं असतं, तोंडाला येईल ते बोलली असती, तर बरं झालं असतं. तिने हात पुढे केला आणि दिवा विझवला.

दुसऱ्या दिवशी ती भावकीतल्या थोरल्या सखुबाईकडे स्वतः गेली आणि म्हणाली, "पुतल्याचा बघा." चार दिवसांनी किनाऱ्यावर दर्भाचा पुतळा ठेवला, वर सदाचं लग्नातलं धोतर पांघरलं. विनेशने अग्नी दिला. एवढ्या रुंद खांद्यांच्या पोराला मडकं पेलवेना, वासिफ गर्दीबाहेर उभा राहून डोळे पुसत होता. पुतळा जळायला माणसाइतका वेळ लागत नाही. सखुबाईने दगडावर केसरचे हात ठेवले आणि हिरव्या बांगड्या फोडल्या. केसर समुद्राकडे एकदाही बघत नव्हती. बघण्यासारखं तिथे आता काही राहिलं नव्हतं.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं लोक धक्क्यावर विनेशला ऐकू जाईल असं बोलले. तो लाद्या वाहत राहिला. व्यायामशाळेत पुन्हा गेला नाही. तेराव्यानंतर त्याने साठवलेले होते नव्हते ते पैसे वासिफला देऊन मुंबईहून शेवाळाच्या गोळ्यांची बाटली मागवली. हिरवी, लहानशी. केसर ओटीवर गुडघे चोळत बसली होती. परत धरले होते. पायरी उतरताना ती भिंतीचा आधार घ्यायची.

त्याने बाटली तिच्यापुढे ठेवली. "आये, ही घे. यात मासली न्हाय. तेवढीच गुनाची हाय."

"कशाची?"

"शेवालाची."

केसरने बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली, आणि त्याच्याकडे परत सरकवली.

"आता कशाला? ती जुनीच दे, मासलीची. तिनी गुडग्याला बरा वाटत हुता."

विनेश उठला. फळीवरची जवसाची बाटली काढली. तळाशी थोड्या गोळ्या उरल्या होत्या. त्याने दोन तिच्या तळहातावर ठेवल्या. बांगड्यांशिवायचा तो हात त्याला ओळखू येईना. तिने गोळ्या तोंडात टाकल्या, वर पाणी प्यायली आणि रिकामा पेला त्याच्या हातात दिला.