चाकाच्या मापानं

आमच्या आत्याला घरात सगळे ‘चाकमोजी’ म्हणतात. संचलनाचा फोटो समोर आला की आपण क्षेपणास्त्राकडे बघतो, ती आधी ते वाहणाऱ्या ट्रकच्या चाकांकडे बघते. शस्त्रांचा अभ्यास करणाऱ्या दोन खोल्यांच्या एका संस्थेत तिची हयात गेली. चाकाची उंची ठाऊक असली की पट्टी लावून क्षेपणास्त्राची लांबी निघते, आणि लांबीवरून ते जुनं की सुधारलेलं हे कळतं. लग्न जुळवणारेही एवढी चौकशी करत नाहीत.

आतोबा निवृत्त शिक्षक, अण्वस्त्रांचे हाडवैरी. यात दोघांचं एकमत. भांडायला त्यांना पंख्याचा वेग पुरतो.

शेजारच्या देशानं नवं म्हणून एक क्षेपणास्त्र मिरवलं, तशी आपल्याकडेही नवे अणुबॉम्ब हवेत अशी ओरड सुरू झाली. आत्यानं फोटो मोजून जाहीर सांगितलं, हे जुनंच आहे, फक्त रंग नवा. आतोबांनी तेवढ्या वाक्यावर गावोगाव सभा गाजवल्या. शेवटी एका निवृत्त सेनाधिकाऱ्याशी त्यांचा जाहीर वाद ठरला. वादानंतर श्रोत्यांचं मतदान होणार होतं.

त्या सकाळी आत्या चहा गार करत दोन फोटो शेजारी ठेवून बसली होती. जुन्यात चाक शेजारच्या शिपायाच्या कमरेला लागत होतं, नव्यात छातीला.

“शिपाई बुटका असेल,” आतोबा म्हणाले.

“रांगेतले सगळेच? अहो, चाकंच मोठी बसवलीत. मी जुन्या मापानं मोजलं. ते चांगलंच लांब आहे. नवंच आहे.”

“आज हे बोललीस तर माझं सगळं पाण्यात. उद्या सांग ना.”

“उद्या सांगितलं तर आज खोटं बोलल्यासारखं होईल.”

आणि भरल्या सभागृहात ती उभी राहिली. माझं माप चुकलं, म्हणाली, आणि कसं चुकलं तेही सांगितलं. मला तिचा भयंकर राग आला. सेनाधिकारी मात्र खुलले.

“बघा, बाईंनीच आमची बाजू मांडली.”

आत्या अजून बसली नव्हती. “क्षेपणास्त्र नवं आहे, एवढंच मी म्हणाले. म्हणून आपण नवे बॉम्ब करावेत, हे कुठल्याच फोटोत दिसत नाही. मी आयुष्यभर हेच काम केलं, तरी चुकले, आणि आज दुरुस्त करतेय. बॉम्ब टाकताना कुणाचं माप चुकलं, तर ते दुरुस्त कुणी करायचं?”

मतदानात आतोबा हरले, तेही थोडक्यात नाही. माझा राग तिचं बोलणं ऐकतानाच ओसरला होता. एवढी सरळ बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुढच्या सभेला निघताना आतोबांनी भाषणाचे कागद तिच्यापुढे ठेवले.

“आधी मोजून घे,” म्हणाले, आणि चपला घालून दाराशी थांबून राहिले.