घरमालकांची चिंबोरी

जगात चोर नाहीत असं कुणी सिद्ध केलं असतं, तर आमच्या जूचंद्रच्या घरमालकांचा जगण्यातला रसच संपला असता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, नायगाव पूर्वेला परवडणारी खोली मिळाली म्हणून आम्ही नवराबायको त्यांच्या चाळीत राहायला गेलो. बाकीचे घरमालक भाडेकरूचं सामान आत येताना बघतात, हे बाहेर जाताना बघत. मी कामाला निघालो की ओटीवरून आवाज यायचा, "डबा एवढा जड?" मी म्हणायचो, "काका, भाजी-पोळी आहे." तरी मी वळणावर दिसेनासा होईपर्यंत त्यांची नजर माझ्या पिशवीवर असे. बायको म्हणायची, "एकदा उघडून दाखवा ना, त्यांचा दिवस तरी बरा जाईल."

चोरीला जाण्यासारखं त्यांच्याकडे होतं काय, तर ओटीभर लोखंड. खाडीकाठची भातशेती सुटली, हात रिकामे झाले, आणि त्याच सुमारास वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतली मोडकी यंत्रं भंगारात निघू लागली. या दोन गोष्टींची गाठ कशी पडली ते देव जाणे, पण काका त्या लोखंडातून जनावरं करू लागले. दातेरी चाकांचा बगळा, सायकलच्या साखळीचे चिखलातले निवटे मासे, स्प्रिंगांच्या शेपटीचा कोंबडा. सगळ्यांत मोठी होती ती चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा. पाठ पाण्याच्या पंपाच्या झाकणाची, पाय सळ्यांचे, डोळे बेअरिंगच्या गोळ्यांचे, आणि उजवी नांगी अशी उगारलेली की शेजारून जाताना आपण आपसूक पाय आवरून घ्यावा. मला ती फार आवडायची. तसं एकदा बोलून दाखवलं आणि चूक झाली. आठवडाभर तिच्यावर गोणपाट होतं.

गंमत म्हणजे हे सगळं ते नटबोल्टांनी जोडत. वेल्डिंगला सक्त विरोध. कारण प्रत्येक जनावराचा एक भाग काढून ते स्वतःच्या खिशात ठेवत. बगळ्याची चोच, निवट्याचं शेपूट, चिंबोरीची डावी नांगी. "अर्धी वस्तू कोन नेनार?" हे त्यांचं शास्त्र. त्यामुळे त्यांची एकही मूर्ती कुणी कधी पुरी पाहिलेली नव्हती. काका चालू लागले की खिसा खुळखुळायचा, आणि कुठला भाग कुणाचा हे पुढे पुढे त्यांनाही आठवेनासं झालं. एकदा कोंबड्याला बगळ्याची चोच लागलेली मी दाखवली, तर म्हणाले, "तो तसाच व्हता."

संशयातून कुणीच सुटलं नाही. जूचंद्र रांगोळ्यांचं गाव, घरटी एखादा तरी रांगोळीवाला. त्यांतली एक मुलगी ओटीसमोर उभी राहून बगळा न्याहाळत होती, तर काकांनी बगळा भिंतीकडे तोंड करून ठेवला. भंगारवाल्याची तर खैर नसे. तो बिचारा म्हणायचा, "चाचा, मैं ही तो देके गया, मैं वापस क्यों ले जाऊँगा?" काका म्हणायचे, "म्हनूनच. तुला ठाव हाय कुठं काय हाय." आणि काकी, त्यांची बायको, आतून ओरडायची, "न्या रं कोनीतरी, ओटी तरी मोकली होईल."

मग एका दिवाळीत गावच्या शाळेत रांगोळ्यांचं प्रदर्शन भरलं आणि मंडळाच्या पोरांनी दारात ठेवायला काकांची चिंबोरी मागितली. अट एकच, दोन्ही नांग्या हव्यात. काकांनी दोन दिवस जेवण टाकलं. एकीकडे मुंबईहून माणसं येणार, ती बघणार. दुसरीकडे उघड्या दारात अख्खी चिंबोरी. शेवटी त्यांनी नांगी बसवली, शेजारी खुर्ची टाकली, आणि हातात पाना घेऊन पहाऱ्याला बसले.

माणसं आली, खूप आली. रांगोळ्या बघून "फोटोच वाटतो हो" म्हणत गेली. आत चपला नकोत, म्हणून कुणीतरी 'चपला येथे काढा' ही पाटी उगारलेल्या डाव्या नांगीला अडकवली, आणि चिंबोरीभोवती चपलांचा ढीग पडला. भंगारवालासुद्धा बायकोमुलांना घेऊन आला, चपला काढल्या, आत गेला, बाहेर आला, चपला घातल्या आणि गेला. काका त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते. त्याने मान वळवली नाही.

शेवटच्या संध्याकाळी पोरं रांगोळ्या झाडून काढत होती. मी काकांजवळ गेलो. ते पाटी उतरवून नांगीवरची धूळ पुसत होते. "कोनी हात पन नाय लावला," म्हणाले. मला आधी वाटलं समाधानाने म्हणताहेत. मग त्यांचा चेहरा दिसला. इतकी वर्षं जे जपलं ते कुणाला नकोच होतं, हे त्या माणसाला शाळेच्या दारात कळलं होतं, आणि मला त्यांची फार कीव आली.

ते पाणी प्यायला आत गेले. मी इकडेतिकडे पाहिलं आणि चिंबोरी उचलली. भलतीच जड. जेमतेम फाटकापर्यंत पोचलो असेन तोच मागून आवाज आला, "ठेव खाली."

मी ठेवली. काका पाना परजत आले. "मना ठाव व्हता," ते म्हणाले. "पयल्या दिवसापासना तुझ्यावरच माझा संशय व्हता." इतका आनंदी माणूस मी त्या दिवाळीत दुसरा पाहिला नाही. ही हकिगत त्यांनी साऱ्या गावाला सांगितली. नळावर बायका माझ्या बायकोकडे बघून कुजबुजायच्या, आणि बायको घरी येऊन माझ्यावर चिडायची. मी खुलासा केला नाही.

पुढे आम्ही बोळिंजला फ्लॅट घेतला. काही वर्षांनी काका गेल्याचं कळलं. भेटायला गेलो तर त्यांचा मुलगा म्हणाला, "यातलं काय पाहिजे ते न्या, नायतर भंगारात देनार." मी चिंबोरी मागितली. तिला डावी नांगी नव्हती. आम्ही ओटी शोधली, ट्रंका शोधल्या, काकीने त्यांच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे उलटे केले. मिळाली नाही.

आता ती आमच्या गॅलरीत आहे. येणारे विचारतात, मोडली का? मी सांगतो, नाही, दुसरी नांगी मालकांकडे आहे. काकांना माझा अजून भरवसा वाटत नसावा. वाटू नये अशीच माझी इच्छा आहे.