क्लचजवळची अक्षत

अशा विषयावर मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. मला पोथी नीट वाचता येत नाही आणि धरलेले उपवासही मोडतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे चार शब्द लिहिताना अजूनही दडपण येतं. जे घडलं ते तसंच सांगतो. त्याला काय म्हणायचं, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

मी तेव्हा ॲरिझोनात शिकत होतो आणि चँडलरमध्ये नव्या खोलीत नुकताच राहायला आलो होतो. फोन अजून लागला नव्हता. अशातच पुण्यात अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हृदयाचं ऑपरेशन ठरलं. व्हिसाच्या अडचणीमुळे मला जाता येत नव्हतं. दर शनिवारी सकाळी आमच्या भागातल्या एका काकांकडे नामस्मरण असे. मी त्यांच्याच घरचा नंबर धाकट्या भावाला दिला होता. तिकडे दुपारी ऑपरेशन, रात्री अण्णा शुद्धीवर येणार, म्हणजे इकडे सकाळी काय ते कळणार. "तू तिथेच थांब, दादा. मी फोन करतो," एवढंच तो म्हणाला होता.

शनिवारी मी आवरून खाली आलो, मोटरसायकलला किल्ली लावली आणि बटण दाबलं. स्टार्टर फिरलाच नाही. पुन्हा दाबलं, तरी काही नाही. ढकलत धावून पाहिलं, पण ते जड धूड सपाट पार्किंगमध्ये मला एकट्याला आवरेना. त्या बाजूला शनिवारी बस जात नव्हती. मनात एकदम काळं काही तरी दाटून आलं. चारच दिवसांपूर्वी, दसऱ्याला, मी याच गाडीची मनापासून पूजा केली होती. नारळ फोडून त्याचं पाणी हँडलवर शिंपडलं होतं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या होत्या आणि गाडीसमोर हात जोडून मागणं मात्र अण्णांसाठी मागितलं होतं. त्यानंतर गाडी आजच बाहेर काढत होतो, आणि नेमकी आज ती मुकी झाली. मला तो अपशकुनच वाटला. तिकडे अण्णांचं हृदयही असंच तर थांबलं नसेल ना? मी पाना काढला आणि स्टार्टरची मोटर जळली असं धरून ती खोलायला बसलो.

"काहून रे बापू, गाडी रुसली काय?"

मागे वळलो. साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक मावशी पायरीवर बसल्या होत्या. नागपूरहून मुलाकडे आलेल्या. मुलगा आणि सून नातीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेले होते. मावशी तुळशीला पाणी घालायला बाहेर आल्या आणि मागे दार आपोआप बंद झालं. "फोन आत, किल्ली आत, अन् मी बाहेर," त्या म्हणाल्या. "तुझं काय?"

मी म्हणालो, "पुण्यात वडिलांचं ऑपरेशन आहे, फोनसाठी काकांकडे पोचायचंय, आणि मोटर जळली."

"जळली तर वास येते नं. येऊन राहिला का वास?"

वास नव्हता.

"दिवा लागते? हॉर्न वाजव बरं."

हॉर्न एवढ्या जोरात वाजला की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकू लागलं. "घे! बॅटरी ठणठणीत आहे," मावशी म्हणाल्या. "आमची कायनेटिक अशीच नाटकं करायची. मी आधी गाडीशी बोलायची, मग मेकॅनिकशी."

का कोण जाणे, त्यांच्या बोलण्याने माझी भीती थोडी सैल झाली आणि डोकं चालू लागलं. बटण दाबल्यावर रिलेचा, म्हणजे स्टार्टरकडे करंट सोडणाऱ्या डबीचा, साधा टकटक आवाजही येत नव्हता. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून मी रिलेच्या दोन्ही टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकवला. ठिणगी उडाली आणि मोटर गरकन फिरली. म्हणजे मोटर चांगली होती, बटणाचा करंटच वाटेत कुठेतरी अडत होता. या गाडीचा क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. क्लचच्या मुळाशी त्यासाठी एक बारीक स्विच असतो. मी तिथे वाकलो, पण मावशींचा चष्मा माझ्याआधी पोचला.

"हे लाल काय? अक्षत नं?"

नारळाच्या वाळलेल्या चिकट पाण्यात तांदळाचा एक लाल दाणा स्विचच्या पिनेशी घट्ट बसला होता. क्लच दाबला तरी पिन बाहेर येतच नव्हती.

"देवाले इतकं चिकटवून ठेवशील, तर तो तरी हलेल कसा?" मावशी खळखळून हसल्या. रात्रीपासून पहिल्यांदाच मीही हसलो. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाणा काढला, ओल्या फडक्याने पुसलं आणि बटण दाबलं. गाडी सुरू झाली. मावशींना असं बाहेर ठेवून जाणं जिवावर आलं, पण त्यांनी हातानेच हाकललं. "जाय तू. माझा मुलगा येतेच आहे. बाप आहे तुझा."

मला वाटतं, मी पूजा करत होतो तेव्हा खरं तर देवाला बांधून घालत होतो. एवढं वाहिलं, आता एवढं दे. गाडी अडली तेव्हा म्हणूनच मी इतका कोसळलो. त्या शनिवारी मला हिशेब सोडून नुसतं हात जोडावंसं वाटलं. मावशींचं दार नेमकं तेव्हाच का लागलं, हे मी विचारत नाही. त्यांना माझा नमस्कार. जिने त्यांना त्या पायरीवर बसवलं, त्या कृपेलाही.

काकांकडे पोचलो तेव्हा नामस्मरण चालू होतं. फोन आला नव्हता. मी मागे बसलो. या वेळी मागितलं काहीच नाही. फक्त म्हणालो, जे असेल ते तुझं. आरतीला सगळे उभे राहिले आणि आतून काकूंनी हाक मारली, "अरे, लवकर ये, तुझा भाऊ आहे!"

रिसीव्हर कानाला लावला. खरखर, मग भावाचा रडका आवाज.

"दादा, झालं रे नीट. अण्णा शुद्धीवर आलेत. मला ओळखलं त्यांनी."