दोरावरची ओढणी

बाबांच्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि ते तसेच चार पावलं पुढं गेले, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. दिवाळीच्या सुट्टीतली दुपार होती. गणपतीपुळ्याच्या पार्किंगमध्ये जमीन इतकी तापली होती की देवळातून अनवाणी येणारे लोक टाचांवर उड्या मारत होते. बाबा मात्र सावकाश चालत होते. मी चप्पल उचलून दिली, वर चिडवलं, "गणपतीनं ठेवून घेतली असती म्हणजे?" ते हसले नाहीत. पाय शेजाऱ्याचा असावा तसे त्याच्याकडं बघत राहिले.

बाबा चाळीस वर्षं मासेमारीच्या लाँचवर तांडेल होते. होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा, आणि तो त्यांनी घरातही तसाच चालवला. दर्शन घेऊन निघताना त्यांची जुनी गाडी बंद पडली आणि मी रत्नागिरीहून माझी गाडी घेऊन आले. मिरजोळ्याच्या मेकॅनिकला फोन लावला तर म्हणाला, क्रेन उद्या सकाळी. "दोर बांधून आणायचीच असेल तर उतार टाळा. चावी चालूवर ठेवा, नाहीतर स्टेअरिंग अडकेल. आणि इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, तेव्हा मागच्या गाडीत पायात जोर असलेला माणूस बसवा."

हे सगळं मी बाबांना शब्दन् शब्द सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी डिकीतून लाँचवरचा नायलॉनचा दोर काढलासुद्धा होता.

"बंद पडलेली होडी टाकून आजवर आलो नाय. मागच्यात मी बसतंय. ओढणारा कोण पण चालतो गो, मागं मात्र जाणता लागतो."

मी एरवी कुणाचं ऐकून घेणारी नाही. पण दोर आणि गाठ म्हटलं की त्यांच्यापुढं माझं काही चालत नसे, आणि खरं सांगायचं तर मला घरी पोचायची घाई होती. उतार टाळायचा तरी कसा? आमच्याकडं सपाट रस्ता म्हणजे दोन चढांच्या मधली जागा. समुद्राकडचा आरे-वारेचा रस्ता जवळचा, म्हणून तोच धरला.

दोर लोकांना दिसावा म्हणून मी माझी लाल ओढणी त्याच्या मधोमध बांधली. बाबांनी ती नीट ओढून पाहिली. "आरशात बघत ऱ्हा. ही वर दिसली म्हणजे दोर ताणलेला. खाली रस्त्याला लागली तर समज, मी ब्रेक धरला नाय."

"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा," मी म्हटलं.

"आज उलटं हाय. मागच्याला ठेच लागली तर तू शहाणी हो."

गणपतीपुळं मागं पडलं. मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. आरशात ओढणी फडफडत होती आणि तिच्यामागं बाबांचा चेहरा. चढावर तर दोर कसा छान ताणलेला. माझी भीती उगीचच होती, असं वाटायला लागलं आणि त्याच वेळी उतार सुरू झाला.

खाली समुद्र दिसला. उताराच्या शेवटी, जिथं रस्ता वळतो, तिथं पर्यटक गाड्या लावून भर रस्त्यात फोटो काढत होते. मी आरशात पाहिलं. ओढणी खाली आली होती. मग रस्त्यावर घासायला लागली. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. पुन्हा पाहिलं तेव्हा ओढणी त्यांच्या गाडीखाली गेली होती.

बाबांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते, चेहरा शांत. गाडी अंगावर येतेय हे त्यांना दिसत होतं, आणि ते ब्रेक लागायची वाट बघत होते.

लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं, ओढलेली होडी अंगावर यायला लागली की वेग वाढवून तिच्यापासून सुटायचं. माझा पाय अॅक्सिलरेटरकडं गेलाही. पण पुढं माणसं होती. आणि मी निसटले, दोर हिसका बसून तुटला, तर बाबा त्या उतारावर एकटे. मी पाय मागं घेतला. पहिला गिअर टाकला, हॉर्न दाबून धरला आणि त्यांना माझ्यावर येऊ दिलं.

धाडकन आवाज झाला. डिकी आत आली, मान मागं फेकली गेली. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटून घसरत चालल्या आणि मी दोघांचा ब्रेक एकटीनं दाबत राहिले. जळका वास आला. रस्त्यातली माणसं बाजूला पळाली. वळणाच्या थोडं अलीकडं आम्ही थांबलो.

हँडब्रेक लावून मी धावत मागं गेले. त्यांच्या गाडीचाही ओढला, चाकापुढं जांभ्या दगडाचा चिरा लावला. बाबा जागचे हलले नव्हते.

"मी दाबला होता गो ब्रेक," ते म्हणाले. "अजून दाबलेलाच हाय."

मी वाकून पाहिलं. पाय ब्रेकच्या शेजारी मॅटवर नुसता पडला होता. चप्पल निसटून उलटी झाली होती.

"कधीपासून?"

"आठ-पंधरा दिस. जोर जातो नि येतो. सांगितलं असतं तर तू चावी काढून घेतली असतीस."

मी ओरडले. त्या फोटोवाल्यांसमोर, वडिलांवर, तोंडाला येईल ते ओरडले, आणि मग तिथंच दाराला धरून रडले. मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त माझा. पायात जोर असलेला माणूस, असं मेकॅनिकनं सांगितलं होतं. चप्पल तर मीच उचलून दिली होती.

मग मी तो पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला. भिजलेल्या जाळ्यासारखा जड होता. आयुष्यात कुणाचा हात न धरलेल्या माणसानं मला तो उचलू दिला.

"क्रेन येईपर्यंत मी कुणाला तरी इथं थांबवते," मी म्हटलं.

त्यांनी गाडीच्या बॉनेटकडं पाहिलं. "सोड तो दोर. ऱ्हाऊ दे तिला हितंच."

इतका ताण बसूनही त्यांची गाठ एका ओढीत सुटली. मी त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी थेट हॉस्पिटलकडं घेतली. त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.