बिछायतवाल्या काकू

शेजारच्या गल्लीतून रडण्याचा आवाज आला की काकू आधी पायांत चपला घालायच्या आणि मग विचारायच्या, "कोण गेलं गा?"

कधी कधी ते नुसतंच नवरा-बायकोचं भांडण निघायचं. एकदा तर टीव्हीवरची मालिका निघाली. मग काकू "बरं झालं बाप्पा" म्हणत चपला काढायच्या आणि पुन्हा खुर्चीत बसायच्या. पण आवाज खरा असला तर दहा मिनिटांत त्यांचा सायकलरिक्षा त्या दारात उभा असायचा. मांडीवर, पायाशी सतरंज्यांच्या गुंडाळ्या, आणि त्यांतून डोकं वर काढून बसलेल्या काकू.

नागपुरात सक्करदऱ्याला त्यांचं गाद्या-सतरंज्या भाड्यानं देणारं बिछायत केंद्र आणि त्याला लागून माझी लग्नपत्रिकांची प्रेस. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही लोकांच्या लग्नांवर पोट भरत होतो. मुहूर्त नसले की दोघंही माश्या मारायचो आणि एकमेकांकडे चहा प्यायचो.

धंदा त्यांच्या सासऱ्यांचा. सासरे कोष्टी, मागावर लुगडी विणायचे. लुगडी विकेनाशी झाली तेव्हा त्यांनी जाड सुताच्या बारा सतरंज्या विणल्या, निळ्या काठाच्या. त्या आधी शेजारीपाजारी मागून नेऊ लागले, मग भाड्यानं नेऊ लागले. त्यातूनच पुढे गाद्या आल्या, लोड आले, कनाती आल्या. काकूंचे यजमान लवकर गेले. सासरे थकलेले, मुलगा सुनील शाळेत. काकूंनी पदर खोचला आणि वीस-पंचवीस वर्षं धंदा असा चालवला की आमच्या भागात त्यांच्या गादीवर न बसलेला नवरदेव शोधून सापडला नसता.

सासऱ्यांच्या त्या बारा सतरंज्या मात्र लग्नाला जायच्या नाहीत. त्या मयतीच्या घरच्या. त्यांचं भाडं घ्यायचं नाही, कोणी मागायला येईपर्यंत थांबायचं नाही आणि नोकरांच्या हाती पाठवायच्या नाहीत. घरच्या माणसानं जायचं, स्वतः अंथरायच्या आणि घटकाभर बसून यायचं. हा सासऱ्यांचा दंडक काकूंनी एकदाही मोडला नाही.

मी मोठा शहाणा. एकदा म्हणालो, "काकू, जाहिरात मस्त आहे तुमची. मयतीत फुकट बसलेला माणूस पोरीच्या लग्नाले दुसरीकडे जाते कशाले?"

काकूंनी हातातला कप खाली ठेवला. आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मीच चहा घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "पुन्हा असं बोलशीन तर तुह्या घरी मी येणार नाही, सांगून ठेवते." कधी येणार नाही ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळलं. मी मुकाट्यानं कान पकडले.

सुनील माझ्याच वयाचा. वाईट मुळीच नव्हता. उलट तुम्ही त्याला पाहिलं असतं तर म्हणाला असता, पोरगा असावा तर असा. त्यानं धंदा चौपट वाढवला. उमरेड रोडला लग्नांसाठी लॉन घेतला, चार टेम्पो घेतले, माणसं ठेवली. फक्त मयतीच्या घरी जायचं नाव काढलं की त्याला काम निघायचं.

"आई, पोरं टाकून येतील ना सतरंज्या. तू काहून जाऊन राहिली या वयात?"

"पोरं टाकून येतील. बसतील का तठी?"

यावर सुनील फोन कानाला लावून बाहेर निघून जायचा. काकू मला म्हणायच्या, "धंद्याची काळजी नाही गा मले. धंदा थो माह्याहून चांगला करते. पण मी गेल्यावर आमच्या घरातून कोणाच्या दुःखात कोण जाईन, थे सांग." माझा मुलगा पुण्यात बसून मोबाईलवर हात जोडल्याची चित्रं पाठवतो.

मग कामठीचं लग्न आलं. पत्रिका माझ्याच प्रेसच्या. त्या दिवशी सुनीलची एकूण पाच लग्नं होती, सतरंज्या कमी पडल्या, तेव्हा त्यानं गोदामातल्या वरच्या फळीवरून त्या निळ्या काठाच्या काढल्या आणि टेम्पोत टाकल्या. त्याच्या लेखी सतरंजी ती सतरंजी.

सकाळी काकूंना फोन आला. नवरीची आजी मांडवातून उठून आत जाऊन बसली आहे, हळदीला येत नाही, काय झालं ते सांगत नाही. फक्त म्हणते, बिछायतवालीला बोलवा.

मी स्कूटर काढली. काकूंना मागे बसवून कामठी गाठली. मांडवात पाय ठेवताच त्यांना निळे काठ दिसले. ती आजी पूर्वी आमच्याच भागात राहायची; तिचा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस ती याच सतरंजीवर बसली होती, आणि ती अंथरली होती काकूंनीच.

सुनील तिथंच होता. काकू त्याच्या समोरून पुढे गेल्या. पदर खोचून त्यांनी एका टोकानं सतरंजी गुंडाळायला घेतली. "उठा बाप्पा, उठा जरा, पाय घ्या." पाहुणे हातात पोह्यांच्या बश्या घेऊन उभे राहिले. बाराच्या बारा गुंडाळून झाल्यावर काकू आत गेल्या.

"चूक माही आहे," त्या आजीला म्हणाल्या.

"तुही कायची? तुह्या पोराची असन."

"पोरगं माहंच आहे ना वं."

आजी त्यांचाच हात धरून उठली आणि उघड्या जमिनीवर बसून तिनं नातीला हळद लावली.

परतताना सुनील एवढंच म्हणाला, "सतरंजीले काय कळते, आई?"

"सतरंजीले नाही कळत. बसणाऱ्याले कळते."

दोन वर्षांनी, ऐन वैशाखात, काकू गेल्या. सकाळी चहा घेतला, पाठ टेकली आणि संपलं. तिथीही अशी की नागपुरात मंगल कार्यालय मिळू नये. सुनीलच्या सगळ्या सतरंज्या लग्नांना गेलेल्या. त्या बाराही गोदामात नव्हत्या. आदल्याच दिवशी काकू स्वतः त्या पलीकडच्या वस्तीत, एक तरणा मुलगा गेला होता त्याच्या घरी अंथरून आल्या होत्या.

आमच्या भागातला सगळ्यात मोठा बिछायतवाला, आणि आईच्या मयतीला आलेल्यांना बसवायला त्याच्याकडे काही नव्हतं. एक नोकर म्हणाला, "भाऊ, त्या पलीकडच्या घरून चार उचलून आणतो."

सुनील भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मान वर केली. "तठी लोकं बसले असतील. त्याहीले उठवायचं नाही." मग म्हणाला, "लग्नातूनबी आणायची नाही."

दुसऱ्या कोणा बिछायतवाल्याला फोन लावावा असा विचार चालला होता, तेवढ्यात लोक यायला लागले. कोणी चटई आणली, कोणी चादर, कोणी पलंगावरची गोधडी. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. अंगण भरलं, रस्ता अर्ध्यापर्यंत भरला. रंगीबेरंगी, फुलाफुलांच्या चादरींवर लोक काकूंसाठी बसले. मी खूप मयती पाहिल्या, अशी पाहिली नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सुनील आमच्या दारात उभा राहिला. अंगावर साधा शर्ट, काखेत आमची चादर, धुऊन घडी केलेली. पिशवीत अजून बऱ्याच होत्या. आत येऊन बसला. बायकोनं पाणी दिलं. त्यानं माझ्या मुलाची विचारपूस केली, वडिलांच्या गुडघ्यांची केली. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा आमच्या घरात बसला होता.

"पोरांच्या हाती पाठवायच्या ना गा," मी म्हणालो. "या उन्हात तू काहून फिरून राहिला?"

"पोरं वळखत नाही ना लोकांले," तो म्हणाला. पिशवी उचलत म्हणाला, "मीबी आताच वळखून राहिलो."

अजून सात घरं राहिली, म्हणत तो उठला आणि पायीच पुढे गेला. मी खिडकीतून पाहिलं. पुढच्या घरीही तो दारातून परतला नाही, आत गेला.

मला राहवेना. जेवण तसंच टाकून मी निघालो आणि प्रेसचं कुलूप न उघडताच शेजारच्या बिछायत केंद्राच्या पायऱ्या चढलो. "काकू, तुमचा सुनील..." इथपर्यंत बोलून झालं होतं, तेव्हा समोरची त्यांची रिकामी खुर्ची दिसली.